श्रीमान जावक सर्व्हर यांच्या सेवेशी

परम आदरणीय, कर्तव्यकठोर, जावकशिरोमणी
श्री. आउटगोइंग मेल सर्व्हर साहेब यांस,

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपलं वास्तव्य नेमकं कुठे असतं, हे आम्हाला ठाऊक नाही. होस्टिंगवाल्यांनी 'क्लाउडवर' असं सांगितलं, म्हणून नमस्कार वर बघूनच केला आहे. आमच्यासारख्यांनी मोठ्यांकडे तक्रार करायची नसते, एवढी पायरी आम्हाला कळते. तेव्हा हे पत्र निव्वळ आभाराचं समजावं.

आमच्याकडे जिग्ज आणि फिक्स्चर्स बनतात. कोटेशन गेलं की पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, येते, पीओ आली की काम होतं, बिल गेलं की कधीतरी पैसे येतात. या साखळीत दोनदा 'गेलं' येतं, आणि दोन्ही ठिकाणी आपण बसलेले आहात. आमचा संसार आपल्या कृपेवर चालतो, असं म्हटलं तर ती खुशामत होणार नाही.

पहिले आभार आउटबॉक्सचे. स्क्रीनच्या तळाशी हिरवी रेघ उमटते, झपाझप पुढे सरकते आणि उजव्या टोकाला केसभर जागा उरली की तिथेच ठाण मांडते. तोवर आउटबॉक्समधला मेल तिरक्या अक्षरांत दिसत असतो. अटॅचमेंट लागली आहे ना, एवढं बघायला तो नुसता उघडून मिटला तरी अक्षरं सरळ होतात, आणि सरळ झालेला मेल मग जागचा हलत नाही. परत उघडून परत सेंड दाबावं लागतं. हे कुठे लिहिलेलं नसतं. तिरका असेल तो मार्गी लागतो आणि सरळ झाला की अडकतो, हा व्यवहार आम्हाला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी शिकवला नव्हता. ही करामत खरं तर टेबलावरच्या मेल प्रोग्रॅमची. पण तो आपल्याच हाताखाली वाढला, म्हणून श्रेय आपल्याला.

आपले बंधू आवक सर्व्हर यांचंही कौतुक करू द्या. आपण संपावर असता तेव्हाही त्यांची सेवा अखंड चालू असते. क्रेडिट कार्डाच्या ऑफरी येतात, 'तुमचं केवायसी आज संपत आहे' असे चोरांचे निरोप येतात, आणि चाकणच्या गिऱ्हाइकाच्या पर्चेस डिपार्टमेंटचा रिमाइंडर येतो: रिव्हाइज्ड कोटेशन अजून मिळालं नाही, डू द नीडफुल. नीडफुल सकाळीच केलेलं असतं. ते आपल्या उंबऱ्यात पडलेलं असतं. आमचे साहेब केबिनमधून विचारतात, "नेट बंद आहे का?" नेट चालू असतं. मेल येतही असतात. आवक एकीकडे आणि जावक दुसरीकडे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, हे त्यांना समजावण्यात माझा अर्धा दिवस गेला. आपल्यामुळे मला शिकवण्याची संधी मिळाली.

आपल्या पूर्वजांविषयी वाचलं. केवढं थोर घराणं! १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी आपली नियमावली लिहिली, आरएफसी ८२१. तीत पासवर्डचं नावही नाही. कुणीही यावं, आपण कोण ते सांगावं आणि सर्व्हरने विश्वास ठेवावा. मोजक्या संस्थांतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांचा कारभार होता तो. तरी त्याआधीच, मे १९७८ मध्ये, गॅरी थ्युर्क नावाच्या एका कॉम्प्युटर विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवून दाखवली होती. उपद्रव असा आधीच हजेरी लावून गेलेला असताना, पासवर्ड विचारायची रीतसर सोय व्हायला १९९९ उजाडलं. मधल्या काळात जगाने जो स्पॅम सोसला, त्याचं उट्टं आपण आता आमच्यावर काढता. कुणीतरी भरपाई करायलाच हवी होती. आम्ही सापडलो, हे आमचं भाग्य.

आम्ही ऑफिसला नवीन फायबर कनेक्शन घेतलं, त्या दिवशी आपण मौन धारण केलंत. 'सर्व्हर इज नॉट रिस्पॉन्डिंग.' माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच मेल चुटकीसरशी जातो आणि चांगल्या फायबरवर जात नाही! कॉम्प्युटरवाल्या मुलाला बोलावलं. त्याने सेटिंग उघडून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, पंचवीस आहे. पंचवीस आता कोण देतं?" म्हणजे पोर्ट २५. हे पोर्ट आता एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचं. व्हायरस लागलेले कॉम्प्युटर तिथून थेट स्पॅम ओकतात, म्हणून इंटरनेट देणाऱ्या अनेक कंपन्या छोट्या कनेक्शनांवर ते बाहेरच्या बाजूने बंदच ठेवतात. तुमच्या-आमच्यासाठी १९९८ पासून ५८७ ठरलेलं आहे. एवढं जुनं ठरलेलं, तरी २५ वर ठोठावणाऱ्याला 'शेजारी विचारा' एवढं सांगणारं तिथे कुणी नाही. नुसती शांतता. आपल्या मितभाषीपणाला सलाम.

आणखी एक पोर्ट आहे, ४६५. त्याची कहाणी ऐकून मला आपल्या खात्याविषयी जिव्हाळाच वाटू लागला. १९९७ साली त्याला सुरक्षित मेलसाठी नेमलं, १९९८ साली ती नेमणूक रद्द केली, लोक पुढची वीस वर्षं बिनदिक्कत ते वापरत राहिले, आणि २०१८ साली त्याला सन्मानाने परत जागेवर घेतलं. सरकारी नोकरीत असतं तर मागचा पगार फरकासह मिळाला असता.

पोर्ट बदललं, तर आपण ५३० म्हणालात. आधी ओळख पटवा. पासवर्ड देऊन आपल्या बंधूंकडे तर ती रोज पटते. मुलाने 'मोअर सेटिंग्ज' उघडलं, त्यात दुसरा टॅब, त्यात एक बारीकसा चौकोन: 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन'. त्यात खूण केली आणि काम झालं. इतका मौल्यवान चौकोन आपण तीन खिडक्यांच्या आत ठेवलात, हे योग्यच. उघड्यावर ठेवला असता तर कुणीही खूण केली असती.

साहेबांच्या जीमेलचा किस्सा वेगळा. बाहेरच्या प्रोग्रॅममधून नेहमीच्या पासवर्डने आत येणं गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं. आता आधी दुहेरी पडताळणी लावायची, मग १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड घ्यायचा. तो साहेबांनी डायरीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवला आहे. सुरक्षितता म्हणतात ती हीच.

आता आपल्या सौजन्याकडे येते. मुलाने काळी स्क्रीन उघडून आपला संवाद मला समोर बसवून दाखवला. काय ती अदब! आपण २२० म्हणून स्वागत करता. आम्ही ईएचएलओ म्हणून नमस्कार करायचा, आपण २५० म्हणता. पाठवणारा कोण ते सांगायचं, २५०. कुणाला ते सांगायचं, २५०. डेटा म्हटलं की आपण ३५४ म्हणता, म्हणजे लिहा, आणि संपलं की एका ओळीवर नुसतं एक टिंब द्या. टिंब दिलं. क्षणभर कर्सर लुकलुकला आणि ओळ उमटली: २५०, ओके, क्यूड. इतक्या नम्रपणे आमच्याशी चाकणची कंपनीही बोलत नाही. मला भरून आलं. मी साहेबांना ओरडून सांगितलं, "गेला!"

गेला नव्हता. त्या २५० चा अर्थ 'पोहोचला' असा नसून 'ठेवून घेतला' एवढाच असतो, हे मुलाने मी पेढे मागवण्याआधी सांगितलं, त्याबद्दल त्याचेही आभार. ठेवून घेतल्यावर तो पोहोचवायचा, नाहीतर पोहोचला नाही असं कळवायचं, ही आपली जबाबदारी. कधी कळवायचं? पलीकडचा सर्व्हर ४ ने सुरू होणारा आकडा म्हणाला तर 'आत्ता नाही, नंतर या'. ५ ने सुरू होणारा म्हणाला तर 'कधीच नाही'. ४ आला की आपण थोड्या थोड्या वेळाने परत जाता, आणि हार मानण्याआधी निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावा, असं आपली नियमावली सांगते. एवढी चिकाटी! पण गिऱ्हाइकाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहाची असते. शनिवारी आपलं पत्र येतं: मेल अजून पोहोचलेला नाही, ही केवळ सूचना आहे, आपण मेल पुन्हा पाठवण्याची गरज नाही. खरंच गरज नव्हती. फिक्स्चरचं काम तोवर पिंपरीतल्या दुसऱ्या वर्कशॉपला गेलं होतं. मंगळवारी मेलर-डीमन नावाच्या आपल्या कारकुनाने अंतिम शोकसंदेश धाडला. खाली आमचं संपूर्ण कोटेशन जोडलं होतं, दरासकट. एक प्रत परत मिळाली, हेही कमी नाही.

पलीकडचे आपले सहकारी तर कधीकधी केवळ परीक्षा म्हणून ४५१ म्हणतात. अनोळखी मेल आला की पहिल्या खेपेला मुद्दाम परतवून लावायचा. स्पॅमवाला घाईत असतो, तो पुन्हा येत नाही. खरा असेल तो पुन्हा येईल. ग्रेलिस्टिंग नावाची ही युक्ती २००३ पासून प्रचारात आली म्हणतात. आम्ही तलाठी कार्यालयात कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा जात आहोत, त्यामुळे आमच्या खरेपणाबद्दल आता कुठेच शंका उरली नसावी.

वजनकाट्याबद्दलही आभार. एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबी. आमची ड्रॉइंगची फाइल १९ एमबी. साध्या हिशेबाने सहा एमबी शिल्लक राहतात, म्हणून मी निर्धास्त. मेल परत! कारण आपली मूळ वाट १९८२ ची, ती फक्त साध्या अक्षरांसाठी बांधलेली. ड्रॉइंग, फोटो, पीडीएफ, काहीही पाठवायचं तर आधी त्याचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं, आणि त्यात वजन एक तृतीयांशाने वाढतं. १९ चे २५ च्या वर गेले. काट्यावर ठेवल्यानंतर माल जड होतो, हे मी मार्केट यार्डातसुद्धा पाहिलेलं नाही.

मग एके दिवशी ५५४ आला. आमचं नाव काळ्या यादीत! आम्ही दिवसाला जेमतेम मूठभर मेल पाठवणारे. चौकशीत कळलं की होस्टिंगच्या ज्या आयपी पत्त्यावर आमचं डोमेन आहे, त्यावर इतरही बरीच बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतल्या कुणीतरी रातोरात स्पॅमचा धंदा मांडला होता. शेजाऱ्याने पाणीपट्टी थकवली म्हणून अख्ख्या वाड्याचा नळ तोडावा, तशातली गत. यादीतून नाव काढायचा फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून आपण काय उपाय केले आहेत? मी लिहिलं: चांगले शेजारी मिळावेत म्हणून प्रार्थना.

त्यानंतर आपण ओळखीची कागदपत्रं मागितलीत. एसपीएफ, म्हणजे आमच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा त्याची जाहीर यादी. डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर डोमेनची सही. डीमार्क, म्हणजे ही दोन्ही जुळली नाहीत तर मेलचं काय करायचं त्याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने हे सक्तीने पाहायला सुरुवात केली. गुगलच्या नियमाने दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही हवीत, आमच्यासारख्या किरकोळांनाही पहिल्या दोहोंपैकी एक हवंच. मुलाने होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन भरून दिलं. एसपीएफच्या ओळीत एक जास्तीची स्पेस पडली होती, ती सापडेपर्यंत दोन चहा झाले.

माझी एकच भाबडी शंका. त्याच आठवड्यात माझ्या इनबॉक्समध्ये एक मेल आला: परदेशातल्या कुणा विधवेला तिची इस्टेट माझ्या नावावर करायची आहे. मुलाने त्याचे हेडर उघडून पाहिले. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. चोराची कागदपत्रं चोख होती. कागद पाहून माणूस ओळखण्याची आपली ही पद्धत पाहता, आपल्याला बँकेच्या कर्ज विभागात बढती मिळावी अशी माझी शिफारस आहे.

साहेबांच्या हौसेलाही आपण आवर घातलात. '.भारत' डोमेन देवनागरीत २०१४ पासून मिळतं, आणि @ च्या डावीकडचं नावही आपल्या लिपीत चालावं म्हणून २०१२ सालीच आरएफसी ६५३१ निघाली आहे. साहेबांनी हौसेने मराठी पत्ता घेतला, व्हिजिटिंग कार्डं छापली. ज्यांना दिली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या जावक सर्व्हरांना तो पत्ता म्हणजे काय हेच कळेना. एका बाजूला जरी ती सोय नसली, तरी मेल तिथेच थांबतो. कार्डांच्या मागची बाजू कोरी आहे, ती हिशेबाला वापरतो.

होस्टिंग कंपनीच्या मदत कक्षाविषयी काय लिहू! नाव घेत नाही, सज्जन माणसं आहेत. त्यांचं उत्तर दर वेळी तयार असतं: आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे, आपल्या बाजूने तपासावं. एकदा फार गळ घातली, तेव्हा त्यांनी मार्ग सांगितला. मॅडम, एररचा स्क्रीनशॉट काढा आणि आम्हाला ई-मेल करा.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठातली गोष्ट आपल्या गोतात प्रसिद्ध आहे. तिथल्या प्राध्यापकांनी तक्रार केली की आमचे मेल ५०० मैलांपलीकडे जात नाहीत. ऐकणाऱ्याला पटेना. तपासलं, तर खरंच जात नव्हते. सर्व्हरवर सेंडमेल या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती बसली होती, तिला नवी सेटिंग्ज कळली नाहीत आणि पलीकडच्याची वाट पाहण्याची मुदत शून्य होऊन बसली. तीनेक मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही की फोन खाली. तेवढ्या वेळात प्रकाश पाचशे-साडेपाचशे मैल जातो. ही गोष्ट वाचल्यावर आपल्याबद्दलचा माझा आदर दुणावला. त्या सर्व्हरला निदान ५०० मैलांचा आवाका होता. आमच्या आणि चाकणच्या गिऱ्हाइकामध्ये अंतर आहे वीसेक किलोमीटर.

तेवढं अंतर आता आमचा हेल्पर मोटरसायकलवर कापतो. कोटेशनची प्रिंट, वर सही-शिक्का, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, पण कुठे अडकलाय ते फोन करून सांगतो. गेटवरचा वॉचमन त्याला ओळखतो आणि आवक रजिस्टरला नोंद करून पोच देतो. पोच! सर्व्हर साहेब, हा कागद आपल्या पाहण्यात आहे का?

आपल्या सोयीसाठी आमच्या अपेक्षा फार खाली आणल्या आहेत. मेल गेला नाही तर गेला नाही म्हणा, पण त्याच दिवशी म्हणा. आकडा सांगितलात तर त्याच्यापुढे साध्या भाषेत एक ओळ लिहा. आणि ५८७ चा पत्ता २५ च्या दारावर चिकटवा. एवढंच मागणं आहे. इन्क्रिमेंट थोडीच मागतोय!

हे पत्र आपल्या खांद्यावरून वाचणाऱ्यांनाही एक सांगते. मेल बाहेर जात नसेल तर आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवून बघा. तिथून गेला तर दोष बहुधा कनेक्शनचा किंवा पोर्टचा. ५८७ लावा, नाहीतर ४६५. मग तो लपलेला चौकोन. अटॅचमेंट १८ एमबीच्या वर असेल तर लिंक पाठवा. बाऊन्स आला तर पुसून टाकू नका, त्यातला तीन आकडी नंबर शोधा. ४ असेल तर थांबा, ५ असेल तर काहीतरी बदलल्याशिवाय पुन्हा पाठवू नका. आणि मुदतीचा कागद असेल तर सेंड दाबल्यावर समोरच्याला फोन करा. 'गेला' हा शब्द फक्त त्याच्या तोंडून ऐका.

कळावे. लोभ आउटबॉक्समध्ये आहे, तो पुढे सरकावा ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
ऑफिस असिस्टंट, फिक्स्चर विभाग (विभाग एकच आहे)

प्रत माहितीसाठी सादर: पोस्टमास्टर. मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर या नावाचा पत्ता चालू ठेवणं नियमावलीनुसार बंधनकारक आहे. होस्टिंग कंपनीच्या या पत्त्यावर आम्ही मागच्या महिन्यात लिहिलं होतं. उत्तर आलं: ५५०, असा वापरकर्ता अस्तित्वात नाही.